निवट्यांची वाटी

आज मासळीबाजारात खाडीच्या निवट्या दिसल्या. तो चिखलाचा वास नाकात शिरला आणि माझा पाय पुढे पडेना.

अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास ठाण्याच्या कोळीवाड्याला लागून आमची खोली होती. शेजारच्या चांगुणामावशी दर बुधवारी निवट्यांच्या कालवणाची वाटी देत. माझी बायको शैला मालवणकडची, काटा न् काटा चोखायची. वाटी रिकामी परत करू नये, म्हणून त्यात तांदळाची दोन घावनं ठेवायची. माझी कंपनी बंद पडली, तांदूळ पुरेनासे झाले, तेव्हा तिने वाटीत चिमूटभर साखर घातली. मला ती चिमूट सहन झाली नाही.

पुढच्या बुधवारी मीच दारात आडवा उभा राहिलो. “मावशी, आता नको. आम्ही दोघांनी माळ घातलीय, मासे सोडले.”

“कधी रे? परवा तर बोटं चाटत होतास!”

शैलाने आतून ऐकलं. संध्याकाळी तुळशीच्या दोन माळा घेऊन आली.

आठवड्याने मावशी पुन्हा दारात. वाटीत वालाचं बिरडं. “घे, माळकऱ्या!”

म्हणजे वाटी थांबलीच नाही. थांबले ते फक्त शैलाचे मासे. नोकरी लागल्यावर मी माझी माळ काढली. देवाशी खोटं नको, म्हणून तिने तिची ठेवली.

आज निवट्यांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि इतक्या वर्षांनी म्हणालो, “चुकलो गं. काढ आता ती माळ.”

तिने पिशवीत वाकून पाहिलं.

“चवच आठवत नाही हो,” ती म्हणाली. “तुम्ही खा आणि मला सांगा.”