कुंपणाखालची रास्पबेरी

शेजारच्या नर्सबाईंनी चिखलदऱ्याहून लाल रास्पबेरीचं काटेरी रोप आणलं, तेव्हा सगळी आळी हसली. अकोल्याच्या उन्हात हे कसलं जगतंय! ड्यूटीच्या पांढऱ्या लुगड्यातच कमरेवर हात ठेवून त्या म्हणायच्या, "काहून नाई?"

मे महिन्यात रोप पार करपलं. तरी त्या वाळक्या काड्यांभोवती ओलं गोणपाट गुंडाळून पाणी घालत राहिल्या, आणि पावसाळ्यात मुळातून कोंब फुटले.

पहिली फळं आली तेव्हा ओंजळ भरून त्या कुंपणाशी आल्या. त्या छप्पन सालीच बौद्ध झाल्या होत्या, पण आमच्या सासूबाईंचा विटाळ काही सुटला नव्हता.

"तिथं गोट्यावर ठेव," कुंपणाजवळच्या दगडाकडे बोट करत सासूबाई म्हणाल्या.

"हातातून घ्या, नाईतर राहू द्या." बाईंनी तिथंच उभ्यानं सगळी फळं खाल्ली.

पुढच्या वर्षी मुळं कुंपणाखालून सरकली आणि आमच्या तुळशीशेजारी कोंब वर आला.

सासूबाई कडाडल्या, "तुयं झाड आमच्या आंगनात आलं! उपटून ने!"

"तुमीच उपटा ना, काकू. पन हात लावा लागन."

सासूबाईंनी हात लावला नाही. तुळशीला पाणी घालताना मी त्यालाही घालू लागले.