काकांचा उरलेला शब्द

वाइंडिंगवाल्या काकांनी उभ्या आयुष्यात बायकोला कधी गोड शब्दाने हाक मारली नाही. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसायची, नवी गुंडाळायची आणि दुकानाचं शटर ओढून घरी यायचं, एवढंच त्यांना येत होतं.

मग एक दिवस दुकानातच त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. सगळी नाही हं, एक शब्द उरला. तोही कुठला, तर "डार्लिंग"!

पाणी हवं असलं तरी डार्लिंग, कूस बदलायची असली तरी डार्लिंग. दूधवाला डार्लिंग, डॉक्टर डार्लिंग. पाण्याच्या टाकीवरून ज्यांच्याशी वाजलं होतं, ते वरच्या मजल्यावरचे वकील भेटायला आले, तर तेही डार्लिंग! आणि म्हणायचं कसं, तर अगदी मवाळ आवाजात. वकील बिचारे कानापर्यंत लाल झाले आणि टाकीचा विषय पुन्हा म्हणून त्यांनी काढला नाही.

काकूंच्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. मुलगी शाळेत इंग्रजी शिकवायची. तिलाच त्यांनी गाठलं.

"खरं सांग, कोण होती ती?"

"अगं आई, कुणी नव्हतं! डॉक्टर म्हणाले ना, मेंदूला मार बसला की कधी कधी एखादाच शब्द शिल्लक राहतो. कुठला राहील, ते आपल्या हातात नसतं."

"पण त्याचा अर्थ तरी काय?"

"डिअर म्हणजे लाडकं. त्याला मागे लहानग्यांचं शेपूट जोडलंय. बदकाच्या पिल्लाला डकलिंग म्हणतात ना, तेच शेपूट. फार जुना शब्द आहे. पूर्वी राजाच्या मर्जीतल्या माणसालासुद्धा म्हणायचे."

"म्हणजे लाडकं पिल्लू? तो मिशीवाला दूधवाला?" काकूंनी कपाळावर हात मारला.

दोघी पोट धरून हसल्या. पण खरं दुखणं हसण्याने जाणारं नव्हतं. काका सगळ्यांकडे एकाच नजरेने बघायचे, सगळ्यांशी त्याच सुरात बोलायचे. समोर उभी आहे ती आपली बायको, हे यांना कळतंय तरी का? दूधवाला आणि मी सारखेच असू, तर मी कुणासाठी एवढी मरमर करतेय? काकूंना रडू यायचं. रडत रडतच त्या चादर बदलायच्या.

बहिणीचं ऑपरेशन निघालं, तेव्हा मुलीला घरी बसवून काकू दोन दिवस तिकडे गेल्या. परत आल्या आणि चप्पल काढतायत तोच आतून आवाज आला.

"डार्लिंग!"

काका खुर्चीत ताठ बसले होते, भुवया चढलेल्या. "डार्लिंग! डार्लिंग डार्लिंग डार्लिंग?" त्यांचा डावा हात दाराकडे गेला, मग तसाच राहिलेल्या चहाकडे, मग मुलीकडे. कुठे उलथली होतीस, हे काय पाणी पाजलंय मला, या पोरीच्या गळ्यात मला बांधून खुशाल निघून जातेस? सगळं सगळं त्यात आलं.

मुलगी घाबरली. "दोन दिवस किती शांत होते गं! माझ्याशी एवढं गोड बोलत होते..."

"तुझ्याशी बोलतीलच गोड!" काकू म्हणाल्या. लग्न झाल्यापासून हा माणूस जगात एकाच व्यक्तीवर असा डाफरत आला होता. काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण आवाज खणखणीत होता. कमरेवर हात ठेवून त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"ओरडताय कुणावर? चांगलं सांगून गेले होते! ऐकायला कान नकोत?"

"डार्लिंग!" काका गरजले.

"तुम्हीच!" काकूंनी ठणकावलं.