शेंडे काकूंचा कडुनिंब

शेंडे काकू रोज सकाळी अंगणातल्या कडुनिंबावर बोटांनी टकटक करायच्या आणि खोडाला कान लावायच्या. कलिंगड घेताना वाजवून पाहतात तसं. अधारताल या हिंदी भाषक वस्तीत आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा मला वाटलं, ही त्यांची पूजाच असावी.

काका निवृत्त झाले आणि वर्षभरातच अंथरुणाला खिळले. त्यांची खाट शेवटपर्यंत त्या झाडाखाली असायची. "माणूस गेला बाई, पण सावली ठेवून गेला," काकू म्हणायच्या.

त्या झाडाची एक जाड फांदी भिंत ओलांडून आमच्या मागच्या खोलीवर आली होती. तिथं माझी मुलगी मीरा अभ्यासाला बसायची. फांदी छाटू या का, असं विचारलं तर काकूंचा चेहराच बदलला. "काहून? तुमचं काय खाऊन राहिली ती? मी आहे तोवर पान नाही तोडू देणार." त्यानंतर आमचं बोलणं 'अच्छा', 'चलो' एवढ्यावर आलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी आभाळ पिवळं पडलं आणि आंधी सुटली. दारावर धडाधड थापा पडल्या. उघडलं तर काकू, अनवाणी.

"पोरगी कुठं आहे? मागच्या खोलीतून काढा तिले!"

मी काही विचारायच्या आत त्या धावत आत गेल्या आणि मीराला ओढतच बाहेर घेऊन आल्या. वही उचलायला ती वळली, तर काकू ओरडल्या, "राहू दे!"

पुढच्या खोलीत आम्ही तिघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. मागून कर्रर्र आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. काकूंनी मीराचं मनगट घट्ट धरलं होतं. मग पत्रे फोडत फांदी कोसळली.

वारा पडल्यावर आत जाऊन पाहिलं. फांदी टेबलावर आडवी पडली होती. तुटल्या जागी आत नुसता भुसा.

"मले माहीत होतं," काकू म्हणाल्या. "दोन पावसाळ्यांपासून पोकळ वाजून राहिलं झाड. बोलली असती तर तुम्ही तोडाच म्हटलं असतं."

फार कडू शब्द माझ्या तोंडाशी आले. पण मीरा शेजारी धडधाकट उभी होती. मी ते गिळले.

परवानगी काढून काकूंनीच झाड कापणारे बोलावले. "भैया, जड़ से काटना. आधा मत छोड़ना." दिवसभर त्या फाटकापाशी उभ्या होत्या. रडल्या नाहीत. खोड पडलं तेव्हा फक्त डोक्यावरचा पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आमच्या दारात आल्या. "तिकडे ऊन लय लागून राहिलं. बसू का घडीभर?"

माझा राग पुरता गेला नव्हता. तरी मी खुर्ची पुढे सरकवली. त्या बसल्या. मग मीराला म्हणाल्या, "तुझी खोली नीट होईपर्यंत माझ्याकडे येऊन अभ्यास कर, बेटा. तिथं आता वरून पडायले काही नाही."

मीरानं माझ्याकडे पाहिलं. मी 'जा' अशी मान हलवली.