समोरचं बसकर

कोफू गावात अमेमिया तोकुझोला सगळे 'घास्या' म्हणत. जन्मभर त्यानं स्फटिक घासले. डोळ्यांना धारा लागल्या तेव्हा घासायचं चाक बंद केलं, पण हातांना ते कुणी सांगितलं नाही. ते वळवळत राहिले. मग घास्या छंदांच्या मागं लागला. गळ आणला, पण मासा काही लागला नाही. बासरी आणली, तर शेजारचं कुत्रं असं विव्हळायला लागलं की शेजारीणच हात जोडून दारात आली. कुंडीतलं पाइनचं झाड आणलं, ते लाडानंच मेलं. सगळा पसारा भिंतीतल्या फडताळात गेला. त्याचं सरकतं दार लावायला बायकोला, किनुयोला, खांदा द्यावा लागे.

"अवो," एक दिवस ती म्हणाली, "आता ह्यात उंदीर बी आडवा व्हायचा न्हाई. ह्यापुढं जे घरात आणशीला ते वापरायचं. न्हाईतर उत्सवाच्या आदल्या दिशी समदं देवळाच्या जुन्या सामानाच्या बाजारात जाईल. आन् मग छंदाचं नाव काढायचं न्हाई. गुमान माझ्यासंगं मुळे चिरत बसायचं."

मुळे चिरायच्या नावानंच तोकुझो दोन पावलं मागं सरकला. त्यात डॉक्टरनं रक्तदाबापायी मीठ तोडलेलं, म्हणजे चिरलेल्या मुळ्यांचं लोणचंही आपल्या नशिबी नाही.

त्याच आठवड्यात स्टेशनापाशी खेळांच्या दुकानाच्या काचेत त्याला ती पेटी दिसली. झाकणावर शिंगेनमहाराज, कोफूचे जुन्या काळचे लढवय्ये राजे. शिंगं लावलेलं शिरस्त्राण, पांढऱ्या केसांची झूल, मांडीवर पंखा. तोकुझो जागच्या जागी वाकला. रस्त्यावरच्या पोरी हसल्या. हसू देत.

दुकानदार पोरगा नागोयाचा होता, गावात नवा.

"आजोबा, मस्त खेळ आहे. एक जण शिंगेन होतो, एक जण..."

"कोण होतो?"

"शिंगेन."

"तुझ्या आळीतला हाय का तो? महाराज म्हण."

पोरगा महाराज म्हणाला. मग त्यानं पेटी उघडली. आत डोंगरखिंडींचा नकाशा, तांदळाच्या कोठारांच्या सोंगट्या आणि उभे ठेवायचे लाकडी ठोकळे. ठोकळ्याचं तोंड आपल्याकडं, पाठ शत्रूकडं. कुठं किती फौज लपवली ते समोरच्याला कळत नाही. तोकुझोनं एक ठोकळा उचलून बोटानं घासला. लाकूड गुळगुळीत होतं. बोटं एकदम खूश झाली.

"समोर एचिगोवाला बसेल," पोरगा म्हणाला. "डोंगरापलीकडचा राजा, शिंगेनमहाराजांचा हाडवैरी, उएसुगी केनशिन. तुमच्याकडं आहे ना कोणी खेळायला?"

"ढिगानं माणसं हायती," तोकुझो म्हणाला, आणि पेटी छातीशी धरून घरी आला.

माणसं खरंच होती. न्हावी फुरुया आणि शेवयांचं दुकान चालवणारा नेझु. तिघं दरसाल वसंतातल्या उत्सवात चिलखतं घालून शिंगेनमहाराजांच्या मिरवणुकीत भाला धरत. तिघांनाही चिलखत पोटावर बसत नव्हतं, म्हणून मागं सुतळी. दोघं संध्याकाळी आले, पेटीला नमस्कार केला, आणि तोकुझोच्या डाव्या-उजव्या अंगाला बसले.

समोरचं बसकर रिकामं.

"आरं, एकानं तिकडं जा की," तोकुझो म्हणाला.

"कुणीकडं?" फुरुयानं विचारलं.

"शत्रूकडं."

"मी? माझा आजा बी हाच भाला धरून मिरवणुकीत चालला. मी केनशिन होऊ? गिऱ्हाईक मान देईल का मला वस्तऱ्याखाली?"

"नेझु, तू जा."

"माझ्या दुकानाच्या पाटीवर महाराजांचा पंखा हाय, बाबा."

घटकाभर हुज्जत झाली. शेवटी फुरुया कुरकुरत पलीकडं गेला. पहिल्याच डावात त्यानं एचिगोची अख्खी फौज खिंडीतून खाली आणली, महाराजांच्या ठोकळ्यापुढं रांगेत मांडली आणि स्वतः जमिनीला कपाळ टेकवलं.

"हे काय?"

"शरण आलो."

"आरं, हा खेळ हाय!"

"म्हणून तर. खऱ्या लढाईत इचार केला असता."

नेझुला बसवलं तर त्यानं दुश्मनाची फौज मागं घरी पाठवून दिली. "बायकापोरं वाट बघत असतील," म्हणाला. दोघं चहा पिऊन गेले. पुढच्या संध्याकाळीही तीच गत. आणि उत्सव तोंडावर आला.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी किनुयोनं गळ, बासरी आणि मेलेल्या झाडाची कुंडी दाराशी काढून ठेवली. मग ती पेटी उचलायला आली. तोकुझोनं पेटीवर हात ठेवला.

"समोर कुणी बसंना, त्याला मी काय करू? ह्या गावात शत्रूच गावत न्हाई!"

किनुयोनं कमरेच्या फडक्याला हात पुसले. "ह्या घरात बी?"

तोकुझोला तेव्हा आठवलं. बायको एचिगोची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती दर उत्सवात ह्या तिघांची चिलखतं मागून सुतळीनं बांधत आली होती, आणि वर त्यांचे टोमणे ऐकत आली होती. बर्फातली म्हणे, तांदूळ खाऊन फुगलेली म्हणे.

"मी बसते," ती म्हणाली. "पर एक अट. माझ्या मुलखाच्या राजाला बी महाराज म्हणायचं."

"कुणाला?"

"केनशिनमहाराज. म्हणा."

तोकुझोनं छताकडं बघितलं. दाराशी पडलेल्या बासरीकडं बघितलं. मुळ्यांची परात डोळ्यांपुढं आली. कुणी ऐकत नाही ना म्हणून त्यानं खिडकी लावून घेतली.

"केनशिन..." त्यानं खिडकीची कडी परत चाचपली. "...महाराज."

"मोठ्यानं."

"केनशिनमहाराज! झालं?"

किनुयो समोरच्या बसकरावर बसली आणि ठोकळे मांडू लागली.

तोकुझो वाघासारखा सुटला. खिंडी ओलांडल्या, नदीकाठ घेतला. ती काही हलेचना. ठोकळ्यांच्या पाठी त्याच्याकडं करून, मटार सोलत बसली.

"भ्यालीस का?"

"आमच्याकडं बर्फ पडला की माणूस घरात बसून इचार करतं. तुमी या की पुढं."

तो पुढं गेला. कोठारं मागं राहिली. फौजेचा भात संपला, वर खेळात हिवाळा आला आणि खिंडी बर्फानं मिटल्या. तेव्हा किनुयोनं मटार बाजूला ठेवले आणि एकेक ठोकळा आडवा करून दाखवला. जिथं त्याला वाटलं काही नाही, तिथं सगळं होतं. महाराजांचा ठोकळा ती दोन्ही हातांनी, आदबीनं उचलून पेटीत ठेवायला गेली, तेवढ्यात तोकुझोनं तिचं मनगट धरलं.

"परत मांड."

"आधी जेवा."

ताटात भात, तेच बिनमिठाचं सार, भोपळ्याच्या फोडी आणि जाड शेवया. हरलेल्या तोंडाला ते आणखीच सपक लागलं. किनुयो उठली, वरच्या फळीवर डब्यांमागं हात घातला, आणि त्याच्या भातावर एक खारवलेलं आलुबुखार ठेवलं. लाल, सुरकुतलेलं, मिठानं पांढरं पडलेलं.

"आमच्या महाराजांनी तुमच्या महाराजांना मीठ धाडलं व्हतं म्हणं," ती म्हणाली. "दुसऱ्यांनी तुमचं मीठ तोडलं तवा. दुश्मनी असताना."

तोकुझोनं ते तोंडात टाकलं. डोळे मिटले, कान हलले, अंगावर काटा आला. बी सुद्धा त्यानं बराच वेळ थुंकली नाही.

"गळ आन् बासरी ने बाजारात," तो म्हणाला. "झाड बी ने. उद्या बाजार उठला की बसू?"

"बसू," किनुयो म्हणाली. "पर उद्या मीठ यायचं न्हाई."