लॉग टेबल कोणी शिकवायचं

मी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, ते मंगरूळपीरजवळच्या एका मोठ्या गावात आहे. त्यांची स्मरणिका निघते आहे. तिथल्या तरुण प्राध्यापकाचा फोन आला. बारावीला रसायनशास्त्राचा अभ्यास कसा करावा, यावर दोन पानं लिहा म्हणाला, मुलांना प्रेरणा मिळाली पाहिजे. मी हो म्हटलं. बसलो आणि पहिलं वाक्य लिहिलं, कोणताही धडा सोडू नका. ते वाक्य वाचून मला माझीच चीड आली. धडे सोडायला त्या गावातल्या पोरांना दुसऱ्या कोणी नाही, मी शिकवलं होतं.

प्रेरणा दुसऱ्या कोणाकडून तरी घ्या. मी जे झालं ते लिहितो.

आमच्याकडे ‘ऑप्शनला टाकणं’ म्हणून एक रीत आहे. प्रश्नपत्रिकेत पर्याय असतात, अमुकपैकी तमुक सोडवा असं असतं. मग वर्षाच्या सुरुवातीलाच हिशेब बसवायचा की कुठला धडा नाही केला तरी निभेल. तो धडा ऑप्शनला टाकला म्हणायचं, आणि असं म्हणायचं की जणू काही मोठी युक्ती केली. पोरं एकमेकांना विचारतात, तू काय टाकलं? मास्तरही विचारतात. दिवाळीआधी मी फळ्यासमोर उभा राहून सांगायचो, विद्युत रसायनाची आणि अभिक्रियेच्या वेगाची गणितं सोडा, त्यात वेळ जातो, सेंद्रिय पक्कं करा, व्याख्या पाठ करा, पास व्हाल. वर्ग खूश व्हायचा. मी पण खूश व्हायचो.

यामागे जे होतं ते कधी कोणी बोललं नाही. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. त्या दोन्ही धड्यांच्या गणितात लॉग येतो आणि तो लॉग टेबलमधून बघावा लागतो. लॉग टेबल म्हणजे आकड्यांचे चारसहा तक्ते, बाकी काही नाही. पण ते बघायला शिकवायचं कोणी? मी म्हणायचो, ते गणिताच्या सरांचं काम. गणिताचे सर म्हणायचे, जीवशास्त्राची पोरं माझ्या वर्गात बसतच नाहीत, मी कुठे शिकवू? भौतिकशास्त्राचे सर म्हणायचे, रसायनात जास्त लागतं, ते शिकवतील. आम्ही तिघं एका टेबलावर चहा प्यायचो आणि या गोष्टीवर हसायचो. मुलांकडे तक्ते होते, परीक्षेतही मिळायचे. ते उघडायचे कसे हे तेवढं कोणी सांगितलं नाही. आणि आम्ही न शिकवलेलं पोरांनी ऑप्शनला टाकलं की आमची झाकली मूठ तशीच राहायची.

एका वर्षी वर्गात जवळच्या खेड्यातली एक मुलगी होती. घरची शेती चांगली होती, बाप समजूतदार होता, मुलीला एसटीने रोज पाठवायचा. मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यात तिने रक्त तपासणाऱ्या बाई पाहिल्या होत्या. काचेच्या नळीत थेंब टाकून त्या सांगायच्या की माणसाला काय झालं आहे. तिला तेच व्हायचं होतं. मी ऑप्शनचं सांगितलं त्या दिवशी ती उभी राहिली.

“सर, हे गणितं मले शिकाचे आहेत. लॉग टेबल कसं पाह्यतात ते सांगता काय?”

मी म्हणालो, “बाई, तुला शास्त्रज्ञ व्हायचं आहे का? आधी पास हो.”

वर्ग हसला. ती बसली. त्यानंतर तिने काही विचारलं नाही.

त्या वर्षीचा पेपर असा आला की पर्यायाच्या दोन्ही बाजूंना गणितं. हे सोडा तर ते, आणि तेही गणितच. वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं रसायनात गेली. ती पण गेली, थोडक्या गुणांनी. बाकीच्या विषयांत तिला चांगले गुण होते.

निकालानंतर प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं तेव्हा मी म्हणालो, खेड्यातली पोरं आहेत, मेहनत करत नाहीत. सगळ्यांनी मान डोलावली. लॉग टेबलचं कोणी काढलं नाही.

मग तिचा बाप आला. धोतर, स्वच्छ टोपी, बाहेर चपला काढून प्रयोगशाळेच्या दारात उभा. आत या म्हटलं तरी आला नाही. विचारायला आला होता की ऑक्टोबरच्या परीक्षेला पोरीला बसवावं का. सोयरीक चालून आली आहे, पण सर बसवा म्हणत असतील तर पाहुण्यांना थांबवतो, असं तो म्हणाला. माझ्या एका शब्दावर थांबवणार होता.

मी बसवा म्हणालो असतो तर तिला शिकवावं लागलं असतं. गणितं का येत नाहीत, हे तिने बापाला सांगितलं असतं. तेवढंच माझ्या मनात आलं, दुसरं काही नाही.

मी म्हणालो, “भाऊ, तिचं डोकं या विषयात नाही. उगाच वर्ष वाया घालवू नका.”

त्याने हात जोडले. खरं सांगितलं सर, म्हणाला. गावात जाऊन त्याने तेच सगळ्यांना सांगितलं, सरांनी स्वतः सांगितलं म्हणून. मोठ्या माणसाचा शब्द होता ना माझा. तिचं लग्न केनवडला झालं.

त्यानंतर मी किती वर्षं तसंच शिकवलं! प्रॅक्टिकलला ब्युरेट भरायच्या आधी पोरं वहीत रीडिंग लिहून मोकळी व्हायची, कारण बरोबर रीडिंग किती यायला पाहिजे हे मीच सांगून ठेवलेलं असायचं. गुलाबी रंग कुठल्या थेंबाला येतो हे बघायची गरजच नाही. बाहेरून येणारे परीक्षक जेवून जायचे, गुण भरभरून द्यायचे. निरोपाला मला शाल मिळाली. पिढ्या घडवल्या, असं कोणीतरी माइकवर म्हणालं. मी ती शाल पांघरून फोटो काढला. आज तो फोटो बघवत नाही.

निवृत्तीनंतर मी रिसोडला मुलाकडे राहायला आलो. गेल्या पावसाळ्यानंतर एका रविवारी दारात एक बाई आणि तिच्यासोबत कॉलेजची मुलगी उभी राहिली. मी ओळखलं नाही. तिने वडिलांचं गाव सांगितलं, तेव्हा ओळखलं.

आत बसल्यावर तिने सरळ सांगितलं. मुलगी बारावीला आहे, फार्मसीला जायचं म्हणते. नाव एका कॉलेजात आहे आणि शिकायला जाते खासगी क्लासला. आता सगळीकडे तसंच आहे. कॉलेजात फक्त हजेरी भरते, वर्ग रिकामे. क्लासचे सर मोबाईलवर व्हिडिओ पाठवतात, एका बैठकीत अख्खा धडा संपवतात, आणि परवा त्यांनी सांगितलं की हे दोन धडे ऑप्शनला टाका.

“कोणते?” मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

पोरीने तेच दोन सांगितले.

मग तिची आई माझ्याकडे बघून म्हणाली, “सर, हिले काई ऑप्शनले टाकू देऊ नका. तुमी शिकवा. तुमाले येते, मले मालूम आहे.”

टोमणा मारायला ती आली नव्हती. रिसोडात रसायनशास्त्राचा म्हातारा मास्तर राहतो हे कोणीतरी सांगितलं आणि ती आली. तिला खरंच वाटत होतं की मला येतं, पण तिलाच समजलं नव्हतं. इतकी वर्षं तिला हेच वाटत होतं.

मी संतापलो. समोर ती होती, तिच्यावर संतापता येत नव्हतं, म्हणून मी त्या क्लासच्या सरला फोन लावला. तो माझाच विद्यार्थी निघाला. मी त्याला झाडलं. पोरांकडून पैसे घेतोस आणि अर्धा विषय टाकायला सांगतोस, लाज नाही वाटत? त्याने ऐकून घेतलं, अगदी आदराने. मग हसून म्हणाला की सर, आम्हाला तुम्हीच असं पास केलं, आम्ही तेच पुढे चालवून राह्यलो. मी फोन ठेवला. त्याच्यावर ओरडण्याचा मला हक्क नव्हता, हे त्याने हसत सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

तेव्हापासून मायलेकी रविवारी सकाळच्या गाडीने यायला लागल्या. मी पोरीला सांगितलं की मोबाईल बाजूला ठेव आणि आधी पाठ्यपुस्तक वाच. गाइड नाही, पुस्तक. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, काय वाचलं ते आपल्या शब्दांत आईला सांगायचं. आईला नाही कळलं तर तुला पण कळलेलं नाही. समीकरण पाठ करायचं नाही. डावीकडचे अणू मोज, उजवीकडचे मोज, ते जुळेपर्यंत पुढे जायचं नाही. सेंद्रियात अल्कोहोलपासून आम्लापर्यंत कसं जायचं, हे कागदावर बाण काढून रोज एकदा कोऱ्या पानावर मांड. गणितात प्रत्येक आकड्याला एकक लाव, उत्तर चुकलं तर बहुतेक वेळा चूक एककातच सापडते. आणि जिथे ‘का’ असं वाटेल तिथे थांब.

मला हे सगळं तेव्हाही येत होतं. नोकरीला लागलो त्या दिवसापासून येत होतं. नवीन असं काही नाही यात. म्हणूनच राग येतो.

मग लॉग टेबल काढलं. पोरीला साधे लॉग लवकर जमले. दोनचा लॉग शून्य पॉइंट तीन शून्य एक शून्य, ते तिने तक्त्यात बोट ठेवून शोधलं. अडलं ते शून्य पॉइंट शून्य दोनला. तिथे ‘बार दोन’ येतो, दोनच्या डोक्यावर आडवी रेघ. पोरीने सरळ उणे दोन पॉइंट तीन शून्य एक शून्य लिहिलं. सगळेच तसं लिहितात आणि सगळ्यांचं गणित तिथेच चुकतं.

मी म्हणालो, “तुमच्या शेतात विहीर आहे ना? पायऱ्यांची?”

“आहे.”

“बार दोन म्हणजे दोन पायऱ्या खाली उतर. पॉइंटनंतरचे आकडे मात्र खाली नेत नाहीत, वर आणतात. म्हणजे तिथून पायरीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं परत वर ये. आता काठापासून किती खाली आहेस?”

पोरगी विचार करत होती. तिची आई पलीकडे बसून तुरीच्या शेंगा सोलत होती, येताना घरची पिशवीभर आणली होती. शेंग हातात तशीच धरून ती म्हणाली, “दोनापेक्षा कमी. पावणेदोनाच्या जवळपास.”

पोरीने वजाबाकी केली. उणे एक पॉइंट सहा नऊ नऊ शून्य.

बाई उठली आणि टेबलाजवळ आली. तक्ता स्वतःकडे ओढला. पाचचा लॉग शोधला, मग शून्य पॉइंट पाचचा, मग पोरीच्या वहीतलं विद्युत घटाचं गणित वाचलं आणि लॉगची पायरी स्वतः काढली. बरोबर आली. माझ्या चहावर साय धरेपर्यंत हे सगळं झालं होतं.

ती म्हणाली, “एवढंच होतं?”

मी हो म्हणालो.

“एवढंच होतं, सर?”

तेव्हा मी सांगितलं. तुझे वडील प्रयोगशाळेच्या दारात उभे होते, तेव्हा मी त्यांच्याशी खोटं बोललो. तुझं डोकं चांगलं होतं. मी शिकवलं नव्हतं, ते उघडं पडू नये म्हणून मी तुझं डोकं नाही असं सांगितलं. पोरीसमोर सांगितलं. सूनबाई आतल्या दारात उभी होती, तिनेही ऐकलं.

ती रडली नाही, ओरडली पण नाही. बराच वेळ तक्त्यावरचं बोट तिने काढलं नाही. मला वाटलं आता उठून जाईल. जायलाच पाहिजे होतं.

“हे माह्या बाबाले सांगाले पायजे होतं,” ती म्हणाली. “मरेपर्यंत ते मले म्हणे, बाई, सरनं खरं सांगतलं म्हणून तुहा संसार वेळेवर लागला. उपकार मानत होते तुमचे.”



ती पोरीकडे वळली. “थांबली काहून? पुढचं गणित काढ. गाडीले टाइम आहे अजून.”

त्या रविवारनंतरही त्या येतात. बाई आता पोरीच्या बाजूला बसते, शेंगा घरी ठेवून येते. माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा घेत नाही. पोरीचं दोन्ही धड्यांचं काम झालं आहे, परीक्षा फेब्रुवारीत आहे. मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तो प्रश्न तिला विचारून उत्तराचं ओझंही तिच्यावरच टाकायचं, एवढा निर्लज्ज मी अजून झालो नाही.

तिच्या बापाला आता सांगता येत नाही. पण त्याने माझा शब्द ज्या गावात सांगितला, त्या गावात ही स्मरणिका घरोघर जाईल. त्याच्या वयाची माणसं तिथे अजून आहेत. सणाला ती माहेरी गेली की आजही कोणीतरी म्हणतं, हिचं डोकं नव्हतं बारावीत, सरांनी सांगितलं होतं. त्यांनी हे वाचावं. ज्याला वाचता येत नाही त्याला नातवाने वाचून दाखवावं. सर खोटं बोलले होते.

संपादकांनी यातलं काही गाळायचं असेल तर अभ्यास कसा करावा हा भाग गाळावा. तो पाठ्यपुस्तकातही सापडेल. मी खोटं बोललो तो भाग ठेवावा.