डब्याचं झाकण

धातुशास्त्राची पदवी घ्यायची आणि हिंजवडीच्या कंपनी-बसमध्ये जाऊन बसायचं, असा तेव्हा पुण्यात रिवाजच पडला होता. लोखंड शिकलेली पोरं अमेरिकेतल्या कुठल्याशा बँकेचे प्रोग्राम दुरुस्त करत बसायची. प्रियदर्शनी ओव्हाळही तीन वर्षं बसली. मग उठली आणि वाघोलीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये धातूची पावडर बनवायला गेली.

तिचे वडील सुखदेव हडपसरच्या एका फोर्जिंग कारखान्यात उभा जन्म घणाखाली लोखंड धरून निवृत्त झालेले. त्यांनी कपाळाला हात लावला. "एसी सोडून मशेरी विकाया गेली माझी पोरगी," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. एकदा ती पावडर चिमटीत घेऊन म्हणाले, "ह्याचं लोखंड व्हणार? मग राखेचा बैल बी हुईल."

"होईल. बघाल तुम्ही," ती म्हणाली.

शेडचे मालक उत्तरेश्वर घोगरे बार्शीकडचे. हट्टाला पेटून पुण्यात कारखाना काढलेला माणूस. त्यांनी बाहेरून एक यंत्र आणलं होतं. पावडरचा पातळसा थर पसरायचा, लेझरनं हवा तेवढाच भाग वितळवायचा, त्यावर पुढचा थर. असं करत करत अख्खा सुटा भाग उभा राहतो. ऐकायला झकास! पण घोगऱ्यांची गिऱ्हाइकं म्हणजे भोसरीतले साचेवाले. साच्यांना लागतं कडक पोलाद, आणि ते असं वितळून क्षणात थिजलं की आकसतं, स्वतःलाच ओढतं आणि तडकतं. परदेशी पावडरवाल्यांचा उपाय तयार होता: यंत्रातली खालची पाटी चांगली लालबुंद होईस्तोवर तापवा. भोसरीतल्या साचेवाल्यांच्या यंत्रात पाटी तेवढी तापतच नव्हती. मग नवं यंत्र घ्या म्हणे. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं?

प्रियदर्शनीनं ठरवलं, पाटीचं राहू दे, पोलादच बदलायचं. तिनं कार्बन कमी केला, निकेल वाढवलं, बाकीचे धातू पुन्हापुन्हा जुळवले. थिजताना हे पोलाद जरा मऊ राहील, ओढ सोसेल, आणि नंतर भट्टीत सावकाश तापवलं की कडक होईल, असा तिचा हिशोब. कागदावर बरोबर. यंत्रात दोन घाण्यांचे तुकडे तडकले.

तिसऱ्या घाण्याआधी घोगरे म्हणाले, "हा शेवटचा. हाही फुटला तर मी परदेशी पावडरची एजन्सी घेणार. तू विक्रीच्या टेबलावर बसायचं."

"नाही फुटणार," ती म्हणाली.

पावडरचा घाणा छान उतरला. दोन डबे भरले, दोन्ही सील केले. तेवढ्यात आली खंडेनवमी. पुण्यात त्या दिवशी लेथपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्याची पूजा होते, मग एवढं महागडं यंत्र कसं सुटेल? झेंडू, हळद-कुंकू, नारळ, सगळं आलं. घोगरे भक्तिभावानं म्हणाले, "प्रियदर्शनी, एक डबा उघड. पावडरलाही दर्शन होऊ दे."

ती थबकली. पावडरला ओल चालत नाही, हे तिच्यापेक्षा जास्त तिथं कुणाला ठाऊक होतं? पण तिच्या घरी ही पूजा नव्हती. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, घरचे सगळे पांढरे कपडे घालून देहूरोडला निघणार होते. हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मी नाही म्हटलं तर ह्यांना काय वाटेल, एवढाच विचार तिच्या मनात आला. तिनं झाकण उघडलं. घोगऱ्यांनी नारळ फोडला आणि पाणी यंत्रावर शिंपडलं, डब्यावरही शिंपडलं. चार थेंब तर होते, असं स्वतःला समजावत तिनं झाकण लावलं.

ती सुट्टीवर असताना यंत्र चालवणाऱ्या सौरभनं नेमका तोच डबा यंत्रात ओतला. परतली तेव्हा टेबलावर साच्याचा तुकडा पडला होता. आत बारीक भोकं, कडेला उभी चीर.

"संपलं," घोगरे म्हणाले.

"सर, हे पोलादानं नाही फुटलं. नारळाचं पाणी गेलंय पावडरमध्ये. ओलीतला हायड्रोजन वितळलेल्या लोखंडात शिरतो आणि आतून फोडतो."

घोगऱ्यांचा चेहरा उतरला, मग तापला. "म्हणजे आता देवावर खापर फोडणार?"

"देवावर नाही. झाकण मी उघडलं. दुसरा डबा अजून सीलबंद आहे. त्यातून करू द्या."

"तो गिऱ्हाइकाचा नमुना आहे! तोही फुटला तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"फुटला तर मी स्वतः भोसरीला जाऊन सांगेन. आणि विक्रीच्या टेबलावर निमूट बसेन. पण आत्ता नाही."

घोगरे हात झटकून म्हणाले, "कर बाई, कर."

त्या संध्याकाळी घरी सुखदेवांनी मशेरीचा म सुद्धा काढला नाही. पोरीचं तोंड बघून एवढंच म्हणाले, "हिंजवडीची बस अजून चालू हाय."

"चालू राहू दे," ती म्हणाली आणि जेवायला बसली.

दुसऱ्या डब्यातला तुकडा तयार झाला, गार झाला, भट्टीतूनही निघाला. आता परीक्षा. तुकड्याला लाल रंगाचं पातळ द्रव लावायचं, पुसून काढायचं आणि वर पांढरी पूड फवारायची. कुठं केसाएवढी जरी चीर असली तरी तिच्यात लपलेला लाल रंग वर येतो. प्रियदर्शनीनं पूड फवारली. घोगरे, सौरभ, सगळे टेबलाभोवती उभे. पांढरं पांढरंच राहिलं. तिनं तुकडा उलटा केला, चारी कडा पाहिल्या. कुठंच लाल नाही.

सौरभ "आईशप्पथ!" म्हणून ओरडला. घोगरे खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी बोलली का नाहीस?"

प्रियदर्शनीनं हात पुसले. "बोलले असते तर तुम्हाला वाटलं असतं, ही आपल्यातली नाही, म्हणून पूजेला आडवी येतेय."

घोगऱ्यांनी मान खाली घातली. "वाटलं असतं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? वाटलंच असतं." मग मान वर केली. "तरी बोलत जा. मला वाटायचं ते वाटू दे."

तुकडा भोसरीला गेला आणि एजन्सीचं नाव पुन्हा निघालं नाही. सुखदेवांनी तसलाच एक तुकडा हातात घेऊन तीनदा फरशीवर आपटला, आणि तो फुटत नाही म्हटल्यावर गुपचूप फळीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी ठेवून दिला.

पुढच्या खंडेनवमीला यंत्राला पुन्हा झेंडूचे हार चढले. घोगरे हातात नारळ घेऊन यंत्रासमोर आले आणि थांबले. सगळ्यांदेखत त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

प्रियदर्शनीनं डब्याच्या झाकणावर हात ठेवला. "बाहेर, सर. गेटापाशी."

उत्तरेश्वर घोगरे नारळ घेऊन मुकाट्यानं बाहेर गेले.