डाव्या कुशीवर

प्राण ही विश्वाची मूळ शक्ती आहे आणि तिचा दरवाजा उजव्या नाकपुडीतून उघडतो. आमच्या येलहंक्याच्या सोसायटीत योगवर्ग घेणाऱ्या अक्कांनी हे डोळे मिटून सांगितलं. मग डोळे उघडून विचारलं, "घरात एक जादा उशी हाय का?"

अक्का मूळच्या बेळगावकडच्या. त्यांना घरी बोलावलं होतं ते माझ्या बायकोसाठी. थंडीत तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून ती बरी होऊन आली, एक्स-रे स्वच्छ होता. पण तिथे आडवी असताना एकदा तिचा श्वास अडकला होता, आणि तेव्हापासून ती आडवी व्हायलाच तयार नव्हती. हॉलमधल्या खुर्चीत बसून झोपायची, म्हणजे झोपायचीच नाही. डॉक्टरांनी श्वासाचे व्यायाम सांगितले होते. बसून दीर्घ श्वास घ्यायला गेली की खांदे कानांपर्यंत चढायचे आणि खोकला सुरू व्हायचा.

"म्हणून आधी कुशीवर पडायचं," अक्का म्हणाल्या. "डाव्या. गुडघे दुमडा, मधी उशी. उजवा हात फासळ्यांवर. स्वल्प वेळानं वरची नाकपुडी मोकळी होते, सूर्यनाडी जागी होते. मग उठून प्राणायाम."

"ही तर वामकुक्षी," बायको खुर्चीतून म्हणाली. "यांना जन्मभर येते. हवी तर परीक्षा घ्या."

"वामकुक्षी नव्हे हो, काकू! ती जेवून करतात. हे उपाशी पोटी. आणि झोपायचं नाही, जागं राहायचं."

माझी सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत हवेचे दाब मोजण्यात गेली. नाकपुडीला सूर्य जोडल्याने हवेत काय फरक पडतो हे मला विचारायचं होतं, पण बायकोने डोळे वटारले.

रोज सकाळी मी सतरंजी अंथरायचो. ती बसायची, हळूहळू कलायची, डोकं उशीला टेकलं की ताडकन उठून बसायची.

"पुरे."

"अजून थोडं?"

"तुम्ही पडा. तुम्हाला आवडतं."

मग मी पडायचो. माझी उजवी नाकपुडी खरोखरच मोकळी व्हायची. ज्याला गरज नाही त्याला योग फार लवकर लागू पडतो.

ती मात्र वाळत चालली होती. गॅसपाशी उभ्या उभ्या तिचा डोळा लागायचा. दूध उतू गेलं तरी ती माझ्यावर ओरडली नाही, तेव्हा मी खरा घाबरलो. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं ठीक आहेत, झोप हवी. झोप कुठल्या दुकानात मिळते ते त्यांनी सांगितलं नाही.

एका दुपारी वरणभात जेवून मी सवयीने पलंगावर पडलो होतो. ती आतलं आवरून आली आणि म्हणाली, "सरका जरा. भिंतीकडची बाजू माझी." लग्नापासून ती दुपारी हेच वाक्य म्हणत आली होती, आजारानंतर मी ते ऐकलं नव्हतं. मी सरकलो. ती डाव्या कुशीवर वळली. पोट भरलेलं, गुडघ्यांत उशी नाही, हात फासळ्यांवर नाही.

मी उठून बसलो आणि तिच्या पाठीकडे बघत राहिलो. आत्ता उठेल, आत्ता उठेल. ती उठली नाही. मग तिची पाठ हलताना दिसेना. मी वाकून कान नेला, तेवढ्यात जवळच्या एअर फोर्सच्या तळावरचं एक विमान आमच्या गच्चीवरून गेलं आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. ते विमान जायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. हात तिच्या खांद्यापर्यंत नेला होता. हलवावं की नाही, ठरेना.

विमान गेलं. ती घोरत होती.

मी पलंग न हलवता तिच्यावरून वाकून भिंतीकडे वळलेला चेहरा बघितला. तोंड उघडं होतं. नाकापाशी बोट धरून पाहिलं. नाकपुड्या दोन्ही बंद.